मामीच्या ओठाचा डावा कोपरा

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच खोली आहे. डावीकडे खिडकी, तिला अर्ध्यापर्यंतच कापड, कारण धुताना ते आटलं आणि नवं आणायचं राहून गेलं. मधोमध जेवायचं टेबल. त्यावर ताटवाटी नाही, एक जुना संगणक आहे आणि त्याच्या मागे तारांचा असा गुंता, की मांजरीनं व्यायला जागा शोधावी. टेबलाशी एक गृहस्थ बसलेत. एक चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर, आणि नाक स्क्रीनला टेकायच्या बेतात. उजव्या मुठीत माउस. सोडला तर बिळात पळेल, अशा बेतानं धरलेला.

"आली का राणीसाहेब?" मागे न बघताच ते विचारतात. "ये. बस. हे यंत्र मला वाकुल्या दाखवतंय, तूही बघून घे."

राणीसाहेब म्हणजे मी. आयुष्यात एकदाच राणी झाले, तीही मूळ राणीचा घसा बसला म्हणून. बाकी सगळा जन्म दासी, शेजारीण आणि गर्दीतली तिसरी बाई यांत गेला. पण त्या एका प्रयोगाची पदवी रंगमामांनी माझ्याकडून कधी काढून घेतली नाही. तोंड रंगवायला समोर बसले की म्हणायचे, "राणीसाहेब, आज मोलकरीण व्हायचंय, हनुवटी जरा खाली घ्या."

रंगमामा आमच्या नाटक मंडळीचे रंगभूषाकार. आम्हा सगळ्यांची तोंडं त्यांच्या हाताखालून गेली. नायक असो, नाहीतर भाला धरून उभा राहणारा शिपाई, मामा दोघांना सारखाच वेळ द्यायचे. शिपायाला वाटायचं, आज आपल्याला मोठं काम मिळणार. चेहरा त्यांच्या डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त आठवायचा. वर्षानुवर्षांनी एखादा नट रस्त्यात भेटला, तर नाव आठवेना, पण गालाला हात लावून म्हणायचे, "हां, तू! इथं हाड वर आहे, इथं सावली जास्त लागायची तुला."

मामी मात्र त्यांच्या हाताला कधी लागली नाही. ती बसआगारात तिकीटखिडकीवर बसायची. "दिवसभर खिडकीतून तोंडंच बघते," म्हणायची, "आता घरी येऊन आणखी एक रंगवलेलं कशाला?" फोटोला तर तिचा उभा दावा. कोणी कॅमेरा काढला की वळायची. "पाठ चांगली येते माझी, पाठीचा काढा." लग्नातल्या फोटोतसुद्धा तिचं डोकं खाली आणि केसांचा भांग तेवढा समोर.

तरी एक फोटो निघाला. मंडळी दौऱ्यावर निघाली होती आणि मामा चष्मा घरीच विसरले. मामी धापा टाकत बसपाशी आली, चष्मा हातात उंच धरून. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, तिनं मान वळवली, आणि आमच्यातल्या एका हौशानं कळ दाबली. रागवायच्या आधीची आणि हसायच्या आधीची, अशी नेमकी मधली मामी त्यात सापडली. बाजूला बसचं चाक, मागे माझं अर्धं कोपर.

तोच एक. मामांनी तो चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मामी होती तेव्हाही ठेवायचे, आणि ती गेल्यावर तर विचारू नका. उघडायचे, बघायचे, मिटायचे. बघून बघून त्यांनी तो झिजवला. घडीवरचा कागद सोलवटला, आणि जिथं आडवी न् उभी घडी एकमेकींना भेटत होत्या, तिथं पांढरा ठिपका पडला. तो नेमका मामीच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर. तिथून एक भेग हनुवटीवर उतरली, दुसरी गालावरून कानाकडे गेली.

एवढ्यानं कोणी संगणक शिकायला बसत नाही, हे खरं. पण मामा एकदा जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाले होते, "मला आता ती फोटोतलीच आठवते गं. डोळे मिटले तरी भेगेसकट दिसते." मी काहीतरी म्हटलं असेन. ते पुढे म्हणाले, "हजार माणसांची तोंडं इथं आहेत," अंगठा पुढे केला, "आणि तिचंच नाही."

आधी ते रीतसर नाक्यावरच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्यानं फोटो घेतला आणि पुन्हा बोलावलं. मी बरोबर गेले होते. त्यानं मोठ्या आनंदानं मोठा फोटो पुढे सरकवला. भेग नाही, ठिपका नाही, डोळ्यांखालचं काही नाही, नाकही थोडं बारीक. बाई मोत्यासारखे दात दाखवून हसत होती. मामीच्या पुढच्या दातात फट होती, हे अख्ख्या बसआगाराला ठाऊक.

मामांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मग अदबीनं म्हणाले, "छान आहेत. कोण या?"

"काका, तुमच्याच की!"

"माझ्या? मग ओळख करून द्या."

"तसं मशीन आपोआपच करतं हो काका. दात तर त्यानं फुकट घातलेत."

मामांनी आपला जुना चौघडी फोटो खिशात टाकला आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "माझ्या बायकोला कवळी बसवून दिली त्यानं."

त्यांची लेक दूरच्या शहरात असते. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं तो फोटो स्कॅन करून संगणकात घातला आणि चित्रं दुरुस्त करायचं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं. फुकटचं. मामांना फुकटचा संशय. "फुकट का? खराब आहे का?"

"नाही हो बाबा. जगभरातली माणसं मिळून करतात, आवडीनं."

"म्हणजे आपल्या मंडळीसारखं," मामा माझ्याकडे बघून म्हणाले. "मग कसलं चालतंय!"

लेकीनं त्यातले सगळे शब्द मराठीत करून दिले आणि तिथंच घोटाळ्याला सुरुवात झाली. पहिला शब्द होता 'निवड'. फोटोतला जो भाग दुरुस्त करायचा, त्याभोवती माउसनं रेघ फिरवायची, म्हणजे तो भाग निवडला गेला. मग त्याच्याभोवती बारीक तुटक रेघ पळत राहते, काळी-पांढरी. लेक म्हणाली, "बघा, मुंग्यांची रांग. मुंग्या दिसल्या की समजायचं, निवड झाली."

मामांना निवडणं ठाऊक होतं ते ताटातल्या तांदळाचं. मामी खिडकीत बसून निवडायची, ते समोर बसून गप्पा मारायचे. तांदूळ निवडताना बोटं खडा पकडतात आणि बाहेर टाकतात. म्हणून लेक परत गेल्यावर मामांनी भेगेभोवती, केसाच्या जाडीनं, दुपारभर खपून मुंग्या फिरवल्या, आणि खडा फेकावा तसं खोडायचं बटण दाबलं. भेग गेली. भेगेच्या जागी आरपार भोक पडलं, त्यात राखाडी-पांढरे चौकोन दिसायला लागले. मी आले तेव्हा मामा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"खडा काढला," म्हणाले, "तर खालचं ताट दिसायला लागलं."

फोनवर लेकीनं उलटं फिरायचं बटण शिकवलं, भोक बुजलं, भेग पुन्हा आली. भेग बघून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग तिनं नीट सांगितलं: खोडायचं नाही बाबा, शेजारची चांगली कातडी उचलायची आणि भेगेवर थापायची. हे मामांना पटलं. हे त्यांच्या धंद्यातलं होतं. पण हात साथ देईना. माणसाच्या गालावर अंगठा टेकला की गाल सांगतो, बस, पुरे. इथं माउस फिरतो टेबलावर आणि डाग पडतो काचेत. जरा जोर केला की मामीच्या गालावर बसच्या चाकाचा तुकडा.

"तिला चाकाखाली घातली की काय!" असं म्हणून ते उलट फिरायचे. मग पुन्हा.

तरी गाल भरत आला. रोज दुपारी मी थर्मासमध्ये चहा घेऊन वर जायची आणि मामा मला काल काय बुजवलं ते दाखवायचे. कानापासून निघालेली भेग नाकापर्यंत मिटली होती. हनुवटीखालीही काम सुरू झालं होतं. आणि एके दिवशी ब्रश चालेनासा झाला.

नुसता चालेना. माउस फिरतो, ब्रशचं गोल चिन्ह फिरतं, पण मामीच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. बंद करून पुन्हा सुरू करायची मामांना भीती, केलेलं जाईल. 'जपून ठेवा' असं एक बटण होतं, पण ते दाबलं की हजार प्रश्न विचारायचं, म्हणून त्या वाटेला ते गेलेच नव्हते; यंत्र रात्रंदिवस चालूच ठेवायचे. लेकीनं परगावाहून मदतीच्या एका फळ्यावर त्यांच्या वतीनं प्रश्न टाकला होता. तिथं जगभरचे अनोळखी लोक एकमेकांना अडचणी सांगतात. मामांनी तोंडी मजकूर दिला होता: "सर्वांना नमस्कार. मी मंडळीत होतो. माझी पत्नी तिकीटखिडकीवर असे." एकानं उत्तर दिलं, "प्रश्न काय आहे?" दुसऱ्यानं विचारलं, "आवृत्ती कितवी?" मामा म्हणाले, "बायकोची एकच." शेवटी ब्रशची अडचण लेकीनंच लिहून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. ती कामात होती. फोन जावयानं उचलला. पुढचं संभाषण मला दोघांनीही नंतर वेगवेगळं सांगितलं, पण शब्द तेच.

"जावईबापू, मुंग्या आल्यात हो."

"मुंग्या? कुठं बाबा?"

"डावीकडं. दिसत नाहीत, पण गालापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आहेत नक्की. कालपासून आहेत, जातच नाहीत."

"बाबा... हात हलतोय ना?"

"हात फिरवतोय की! सारखा फिरवतोय. पण काही उपयोगच होत नाही. काही लागतच नाही तिथं."

"बाबा, बसून राहा. अजिबात हलू नका. दार उघडं आहे का?"

"दाराचा काय संबंध?" मामांनी विचारलं, पण तिकडून फोन ठेवला होता.

जावयानं लगेच शेजाऱ्यांना फोन केला होता; मी जिन्याशी पोचले तेव्हा वरून वरात उतरत होती. खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला, देहानं कपाटाएवढा, त्यानं मामांना खुर्चीसकट उचललं होतं. त्याची बायको पुढे चपला घेऊन, शेजारचे दोघे मागे खुर्चीचे पाय धरून. मामा वरून ओरडत होते, "अरे सोडा! मला काही झालं नाही! राणीसाहेब, सांग यांना!"

"बोलू नका मामा," टॅक्सीवाला म्हणाला. "जीभ जड झालीय तुमची."

"जीभ जड नाही, तू गळा दाबलायस माझा!"

मीही टॅक्सीत घुसले. खरं सांगते, त्या वेळी मीसुद्धा घाबरले होते. म्हातारा माणूस कितीही ओरडला की मला काही झालं नाही, तरी आपण त्याच्या तोंडाचा कोपराच बघत बसतो, वाकडा तर नाही झाला ना.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. फार गोड मुलगी. तिनं मामांचा हात हातात घेतला.

"आजोबा, मुंग्या कुठं आल्यात?"

"चेहऱ्यावर."

"कोणत्या बाजूला?"

"डाव्या. पण माझ्या नाही. बायकोच्या."

"बरं. आजी कुठं आहेत? बाहेर बसल्यात का?"

"ती नाही. म्हणजे गेली. आता संगणकात आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण मामांना सुरुवात केल्यावर कोण थांबवणार? "मुंग्या काळ्या-पांढऱ्या आहेत, आणि त्या सारख्या पळतात, बाई. त्या दिसतात तोवर ठीक. पण आता तर दिसतही नाहीत, आणि तरी आहेत. नाहीतर रंग का लागेना?"

"हं," ती म्हणाली, आणि कागदावर बरंच काही लिहिलं. मामांना निगराणीसाठी ठेवून घेतलं. मी सगळा खुलासा केला, तर ती मलाच म्हणाली, "आजी, तुम्हीपण जरा बसा. पाणी घ्या."

लेक दुसऱ्या दिवशी पोचली. मामा धडधाकट निघाले. घरी आलो, तर संगणक बंद. टॅक्सीवाल्याच्या बायकोनं जाताना भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, घराला आग लागू नये म्हणून. भल्यासाठीच केलं. बिचारी दारात उभी राहून रडली. लेकीनं यंत्र सुरू केलं. फोटो उघडला. भेग कानापासून हनुवटीपर्यंत जशीच्या तशी, ओठावर पांढरा ठिपका. इतक्या दुपारांचं काम पुसून गेलं होतं.

मामांनी टॅक्सीवाल्याच्या बायकोला एका शब्दानं दोष दिला नाही. "जाऊ दे गं पोरी," म्हणाले, "नाटकही असंच असतं, पडदा पडला की तोंड धुवायचं." पण म्हणताना त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

मदतीच्या फळ्यावर तोवर एक उत्तर येऊन पडलं होतं. कोणी देवमाणसानं लिहिलं होतं, की तुमच्या चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात नकळत एवढीशी निवड राहून गेली असेल. ती असेतोवर रंग फक्त तिच्या आतच लागतो, बाहेर कुठंच नाही. 'निवड'मध्ये जा, 'काही नाही' दाबा. लेकीनं मोठ्यानं वाचलं. मामा ऐकत राहिले. "म्हणजे एवढुशा ठिपक्यासाठी सगळा गाल अडला होता?"

"हो बाबा."

"आणि मी दवाखान्यात."

लेक हसली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला. एकटे नका राहू." मामा म्हणाले, "हिला बरं करतो, मग बघू." लेक माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तोवर तरी जपून ठेवायचं बटण दाबत जा म्हणावं."

तिनं या वेळी बाजूला बसून गाल करवून घेतला. ब्रश मामांचा, डोळे तिचे. "शेजारून घ्या बाबा. कपाळावरून नको, तिथली कातडी वेगळी." दोन दिवसांत दोन्ही भेगा मिटल्या. मामांचा हातही जरा बसला होता. प्रत्येक टप्प्याला लेक काम जपून ठेवत होती. राहिला तो पांढरा ठिपका.

आणि तिथं यंत्राचा काही दोष नव्हता. भेगेला शेजार होता, उचलायला कातडी होती. ओठाच्या कोपऱ्याला शेजार कुठून आणायचा? तो एकच असतो. दुसरा त्याच्यासमोर असतो, उजवा.

"उजवा उचलून उलटा लावू," लेक म्हणाली.

"तिचे दोन्ही सारखे नव्हते."

"कसे होते मग? सांगा, तसं करू."

स्वतःच्या ओठाचा कोपरा मामांनी अंगठ्यानं वर केला, खाली केला, आत ओढला. मला म्हणाले, "राणीसाहेब, तू सांग. तू रोज बघायचीस तिला."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मला मामीचा आवाज आठवला, चष्मा उंच धरलेला हात आठवला, खिडकीच्या जाळीमागून "सुट्टे द्या" म्हणणारं तोंडसुद्धा आठवलं. पण ते बोलतं तोंड होतं. थांबलेलं नाही. मी म्हटलं, "बहुतेक खाली असायचा. जरा रुसल्यासारखा."

"नाही हो मावशी!" लेक म्हणाली. "खळी पडायची आईला तिथं."

लेकीनं मामीच्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "खळी? छे! खळी मला. तिचा तो कोपरा वर चढायचा, मिजासखोर होती ती." टॅक्सीवाल्याची बायको मध्येच डोकावून म्हणाली, "मला तर नेहमी हसऱ्याच दिसायच्या." तेवढ्यात चार मामी झाल्या, आणि त्यातली आमची कुठली ते आमच्यापैकी कोणालाच ठरवता येईना.

शेवटी लेकीनंच केलं. उजवा कोपरा निवडला, उलटा केला, डावीकडे नेऊन बसवला, कडा मऊ केल्या. मुंग्या पळाल्या आणि विरल्या. स्क्रीनवर मामी अख्खी झाली. ना भेग, ना ठिपका. मी नाटकवाली, मला लगेच हुंदका फुटतो; तो फुटला.

"आई!" लेक म्हणाली. "बाबा, आईच आहे ही. हुबेहूब."

मामांनी दोन्ही चष्मे काढले. एक पुसला, तो लावला. खुर्ची मागे सरकवली आणि लांबून पाहिलं, विंगेतून आपण रंगवलेला नट पाहायचे तसं. खूप वेळ पाहिलं. लेक चहा टाकायला आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, तेव्हा मामा माझ्याकडे वाकून म्हणाले, "तिला हीच आई वाटतेय."

"चांगलं झालंय मामा."

"चांगलं झालंय. म्हणूनच तर. आणखी चार दिवस बघितलं, तर मलाही हीच वाटायला लागेल." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं, पण लावलं नाही. "हिचं तोंड गोड आहे गं. पण ही रागावली असती, तर कशी दिसली असती, ते मला येत नाही."

मी म्हटलं, नको असेल तर बंद करू. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मी वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. लगेच मधोमध चौकट उघडली. मामांना चष्म्यातूनही ते बारीक अक्षर वाचता येईना.

"काय विचारतंय?"

"ओठाचा केलेला बदल जपून ठेवायचा, की टाकून द्यायचा?"

त्यांनी माउसवर हात ठेवला. बाण एका बटणावर गेला, तिथून दुसऱ्यावर, तिथून पुन्हा पहिल्यावर. बोट काही खाली जात नव्हतं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि माउस टेबलावरून हळूच माझ्याकडे ढकलला.

"तूच दाब काहीतरी, बाई. मला नको विचारूस."